म्हात्रेबाईंचा अख्खा वर्ग

परिषदेच्या पहिल्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता, मी दोन तंबोऱ्यांचे आठ दोरे उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

हे नजरचुकीने झालं नाही. चांगला चष्मा लावून, घरून नेलेल्या पिवळ्या फडक्याने पुसता पुसता, विचारपूर्वक झालं. विमा कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर आठ महिने मी जुईनगरच्या घरात बसून पंख्याचा वेग कमी-जास्त करत होतो. शेवटी बायको म्हणाली, "आमच्या गाण्याच्या क्लासच्या शिरोडकर मॅडम संगीत शिक्षकांची परिषद भरवतायत. त्यांना माणसं हवी आहेत. गाणं यायची अट नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं."

तर असा मी स्वयंसेवक झालो. नेरूळच्या एका कॉलेजचं सभागृह, दोन दिवसांची परिषद, शाळाशाळांतून आलेले संगीत शिक्षक, आणि माझ्या गळ्यात बिल्ला. मंचावरची वाद्यं पुसून ठेवा, एवढंच मला सांगितलं होतं. तंबोऱ्याच्या खालच्या बाजूला हाडाची एक पांढरी पट्टी असते, तिच्यावरून तारा जातात. तिला घोडी म्हणतात, हे मला आता माहीत आहे. त्या सकाळी मला इतकंच दिसलं की घोडीवर प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा एकेक तुकडा अडकलाय. वाटलं, वरची कापडी गवसणी उसवली असणार. चिमटीत धरून एकेक ओढला. शेवटचा निघेना, तो नखाने काढला. मग दोन पावलं मागे सरून दोन्ही तंबोरे पाहिले. काय झकास दिसत होते!

आठ वाजता म्हात्रेबाई आल्या. जासईच्या एका शाळेच्या संगीत शिक्षिका. ठेंगण्या, सावळ्या, नाकात चमकी, खांद्याला बाजाराची कापडी पिशवी. अकरा वाजता त्यांच्या सातवीच्या वर्गाचं प्रात्यक्षिक होतं. त्यांनी चपला कडेला काढल्या, तंबोऱ्याला आधी हात जोडले आणि एक तार छेडली.

रिकाम्या तेलाच्या डब्यावर बोट आपटावं, तसा आवाज आला.

बाईंनी दुसरी तार छेडली. तिसरी. मग घोडीवर वाकून पाहिलं. "दोरे कोनी काढले?"

"मी," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, जरा ऐटीतच म्हणालो. "कचरा अडकला होता."

"आठी?"

"आठही."

"एकट्यानं?"

"हो."

"मेहनती मानूस हाय," बाई म्हणाल्या.

ऑफिसात मी तेहेतीस वर्षं वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण त्या तीन शब्दांनी जसा घाम फुटला तसा कधी फुटला नव्हता. मग बाईंनी मला समजावून सांगितलं, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं. तो दोरा तारेला घोडीवरून केसभर उचलून धरतो. म्हणून तार एकदा छेडली की गुंजत राहते, तिच्यातून आणखी सूर फुटतात. त्याला जवारी म्हणतात. दोरा एका केसाने पुढे सरकला तरी ती जाते. "तुमी तारेची जीभच काढलीत," बाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "हा झब्बा सुती हाय?"

"हातमागाचा. परवाच घेतला वाशीच्या प्रदर्शनातून."

"बरा हाय. इकडं या."

त्यांनी पिशवीतून छोटी कात्री काढली, माझ्या झब्ब्याची खालची शिवण उसवली आणि दातात धरून एक लांब धागा सर्रकन ओढला. मी मंचाच्या कडेला, शाळेत उभं केल्यासारखा उभा. पुढचे दोन तास बाई जमिनीला गाल टेकवून बसल्या होत्या म्हटलं तरी चालेल. धागा तारेखाली घालायचा, तार छेडायची, नखाच्या टोकाने धागा इतकासा सरकवायचा, पुन्हा छेडायची. ठक्. ठक्. ठक्. आणि मग एका क्षणी तीच तार अचानक झणाणून उठायची, सगळ्या रिकाम्या सभागृहात पसरायची. असं आठ वेळा झालं. आठही वेळा माझ्या अंगावर काटा आला. एकदाही बाई मला रागावल्या नाहीत. फक्त पाचव्या तारेला म्हणाल्या, "तुमच्या झब्ब्याचं सूत चांगलं हाय. दुकानदारानं फसवलं नाय तुमाला."

बाईंची आणि माझी पहिली गाठ त्याच्या महिनाभर आधी पडली होती, आणि तेव्हाही मूर्खपणा मीच केला होता. शिरोडकर मॅडमनी मला निरोप देऊन जासईला पाठवलं होतं. निरोप असा, की मंच लहान आहे, प्रत्येक शाळेने पंधराच निवडक मुलं आणावीत. बाकी शाळांनी ऐकलं होतं. एकट्या म्हात्रेबाईंनी फॉर्मवर 'मुलांची संख्या' या रकान्यात बेचाळीस लिहिलं होतं.

शाळेच्या कुंपणाला लागून रस्ता, आणि रस्त्यावर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर. मी वर्गाच्या दारात पोचलो तेवढ्यात एकाने असा हॉर्न मारला की खिडक्यांची तावदानं थरथरली. मी दचकून दाराची चौकट धरली. बाईंनी नुसता हात वर केला. आणि बेचाळीस पोरांनी तो हॉर्न जसाच्या तसा गळ्यात उचलून धरला. हॉर्न थांबला, वर्ग चालूच.

"कोन हाय हा?" बाईंनी विचारलं.

"कोमल रे, बाई!" सगळे ओरडले.

"नाय बाई," पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठून म्हणाली, "कालचा कोमल रे व्हता. हा त्याच्या जरा वर हाय. हा दुसरा टेलर हाय."

बाईंनी पेटीवर एक पट्टी दाबून पाहिली. "बरोबर हाय गो. बस खाली."

बाई वर्गातही घरातलंच बोलायच्या. त्यांचा एक शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. त्यांच्या वर्गात कुणाला बेसूर म्हणायचं नाही. म्हणायचं, "तो लांब राहतो." लांब राहणाऱ्याला यायला वेळ लागतो, त्यात त्याचा काय दोष? त्या वर्गात सगळ्यात लांब राहायचा तो सार्थक घरत. ताडमाड वाढलेला, ओठावर मिसरूड, आवाज नुकताच फुटलेला. बाकीचा वर्ग 'सा' म्हणायचा तेव्हा सार्थक त्याच्या खाली कुठेतरी तळघरात असायचा. बाई काय करायच्या, तर त्याला वर ओढायच्या नाहीत. वर्ग थांबवून सार्थकला एकट्याला 'सा' लावायला सांगायच्या आणि मग म्हणायच्या, "चला रे, सगळे सार्थककडं जाऊया." बाकीची एक्केचाळीस पोरं खाली उतरून त्याच्या सुराशी जाऊन उभी राहायची. मग तिथून त्याला सोबत घेऊन, पायरी पायरीने, सगळे वर यायचे. रोज. त्यात तासातली दहा मिनिटं जायची.

हे सगळं पाहूनही मी निरोप दिलाच. "बाई, पंधरा मुलं निवडा."

"निवडू कशी?"

"चांगल्या आवाजाची घ्यायची. आमच्या विम्यात तसंच असतं. धडधाकट माणूस आधी."

"आनि आजारी मानूस?"

"त्याला आम्ही घेत नाही."

"मग विमा कशाला हाय?" बाई म्हणाल्या. तेहेतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर निवृत्ती लवकर घेतली असती.

मग त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. आई धवलारीण होती. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवले गाण्याचा मान तिचा. "मांडवात साठ बायका बसायच्या. आई पुढून सांगायची, साठी जनी मागून गायच्या. कोनाचा आवाज घोगरा, कोनाचा चिरका, कोन म्हातारी. आईनं कवा विचारलं नाय, चांगल्या आवाजाच्या पुढं या म्हनून. लगीन काय पंधरा बायकांचं असतं?"

मी चहा प्यायला चलता का विचारलं.

शाळेबाहेरच्या टपरीवर बाईंसाठी एक ग्लास वेगळा ठेवलेला असायचा. टपरीवाला म्हणाला, "पहिल्या दिवशी मॅडमनी चमचा घेऊन माझे चोवीस ग्लास वाजवले. मला वाटलं फूड इन्स्पेक्टर आल्यात. तर म्हणाल्या, हा एक बोलतो, बाकीचे ओरडतात." मी मोठ्याने हसलो. बाई हसल्या नाहीत. माझ्या स्कूटरकडे बोट करून म्हणाल्या, "तुमच्या मागच्या चाकात काहीतरी रडतंय. येताना आयकलं मी. आज नका नेऊ लांब." मला वाटलं, गाण्याच्या बाईंना स्कूटरमधलं काय कळतं. उलव्यापाशी चाक अडकायला लागलं. तिथून गॅरेजपर्यंत स्कूटर ढकलताना मला त्या चाकाचं रडणं अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. मेकॅनिक म्हणाला, "काका, बेअरिंग चार दिवसांपासून आवाज देत असणार. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

पण चहा पिताना बाईंनी जी गोष्ट सहज सांगितल्यासारखी सांगितली, ती सहज नव्हती. त्यांच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी पुढच्या महिन्यापासून संगीताचा तास बंद करून तिथे शिष्यवृत्तीच्या गणिताचा तास घालायचं ठरवलं होतं. बाईंनी फार आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "परिषदेत तुमचा वर्ग गाऊन दाखवू दे. मी स्वतः येतो. मग बोलू."

"तुमच्या नोकरीचं काय?" मी विचारलं.

"माझी दोन वर्षं राहिलीत. मला लायब्ररीत बसवतील. नोकरी कुठं जाते?" बाईंनी ग्लास खाली ठेवला. "पोरांचा तास जातो."

"मग तर पंधराच आणा की! चांगली पंधरा आणली तर अध्यक्ष खूष. सार्थक तिथे चुकला तर?"

"चुकला तर चुकला. पन पंधरा आनून तास वाचला, तर तो तास पंधरांचाच झाला ना?"

मी परत येऊन शिरोडकर मॅडमना सांगितलं, की बाई ऐकत नाहीत. हे मी तक्रारीच्या सुरात सांगितलं, हेही कबूल करतो.

तर आता अकरा वाजले होते. तंबोरे बोलत होते, माझ्या झब्ब्याला डाव्या बाजूने झालर आली होती, आणि निळ्या-पांढऱ्या गणवेशातली बेचाळीस पोरं दाराशी उभी होती. मंचावर ती मावणं शक्यच नव्हतं. बाई म्हणाल्या, वर्ग खालीच जमिनीवर बसेल, पुढच्या खुर्च्या मागे घ्या. हे काम माझं. मी घाईघाईत पहिल्या दोन रांगा उचलल्या. पहिल्या रांगेत मधोमध पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ मोबाइलवर बोलत होते, ते काही उठेनात. मी "साहेब, साहेब" करत त्यांच्याभोवती तीन घिरट्या घातल्या आणि शेवटी कंटाळून त्यांची खुर्ची तिथेच सोडली. पोरं आत आली आणि त्या खुर्चीच्या चारी बाजूंनी बसली. फोन संपवून गृहस्थांनी मान वर केली, तर ते बरोब्बर सातवीच्या वर्गात होते. त्यांच्या गुडघ्याशी सार्थक घरत.

मागून शिरोडकर मॅडम माझ्या कानाशी दात-ओठ खात म्हणाल्या, "ते संस्थेचे अध्यक्ष आहेत!"

आता काही करण्यासारखं नव्हतं. तंबोरे सुरू झाले.

पहिली पाच मिनिटं वर्ग सुरेख गायला. बाई मंचाच्या पायरीवर बसल्या होत्या, दोन मुली दोन तंबोरे छेडत होत्या. मग भूप रागातलं एक साधं गाणं. दुसऱ्या ओळीला वरचा 'सा' होता. सगळा वर्ग वर गेला, आणि सार्थक खाली राहिला. नुसता खाली राहिला नाही, घाबरून जोरात खाली राहिला. भांड्यांच्या रॅकमधून परात पडावी तसा तो एकटा आवाज घुमला. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणारेही संगीत शिक्षकच होते. सार्थकने तोंड मिटलं आणि मान इतकी खाली घातली की मला फक्त त्याची मानगूट दिसत होती. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

बाईंनी हात वर केला. वर्ग थांबला.

मला वाटलं, आता त्या म्हणतील, सार्थक, तू जरा ऐक फक्त. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच म्हटलं असतं. वर्गाला मिळालेल्या वीस मिनिटांतली सहा गेली होती, तास जायची वेळ आली होती.

बाई उठल्या, मुलांमधून वाट काढत सार्थकजवळ गेल्या आणि खाली बसल्या. हळू म्हणाल्या, पण मुलांसमोरचा माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. "कुठं हायस रं आज?"

सार्थक गणवेशाचं बटण पिळत राहिला.

"सांग तरी. आमी येतो ना."

त्याने एक सूर लावला. घोगरा, फाटका, भलत्याच ठिकाणचा. बाईंनी मान हलवली, मंचावर गेल्या आणि पहिल्या तंबोऱ्याची खुंटी पिळायला घेतली. भर परिषदेत, सगळ्यांसमोर, त्या दोन्ही तंबोरे त्या पोराच्या सुरात उतरवायला लागल्या. एकेक तार. खुंटी, मग तारांत ओवलेले खालचे मणी, मग घोडीवरचा तो धागा नखाने सरकवायचा. शिरोडकर मॅडमनी मला पुढे ढकललं. मी वाकून कुजबुजलो, "बाई, मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं अ‍ॅप आहे. एका बोटात सूर बदलतो."

"ठाऊक हाय," बाई तारेवरची नजर न काढता म्हणाल्या. "पन त्यात त्याला कोनी खुंटी पिळताना दिसत नाय."

मी मागे आलो. सहा मिनिटं गेली असतील. सार्थकची मान हळूहळू वर येत होती. आपल्या एका फुटक्या सुरासाठी दोन तंबोरे, आठ तारा आणि एक बाई कामाला लागलीय, हे तो तोंड उघडं टाकून बघत होता. शेवटची तार जुळली आणि तंबोऱ्यांतून जो झणकार निघाला, तो त्याचाच सूर होता. फक्त आता तो फाटका वाटत नव्हता.

"चला रे," बाई म्हणाल्या. "सार्थककडं."

एक्केचाळीस पोरांनी तो सूर लावला. सार्थकने लावला. तंबोऱ्याशी, वर्गाशी, असा काही मिसळला की कुठला कुणाचा ते सांगता येईना. मग तिथून ती सगळी पोरं, रोजच्यासारखी, पायरी पायरीने वर चढायला लागली. सा, रे, ग. थांबून, मागे बघून, पुन्हा वर. मघाशी हसणारे शिक्षक मागून गुणगुणायला लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही गुणगुणायला लागलो. आधी तोंड मिटून, मग उघडून. अध्यक्ष पोरांच्या मधोमध बसले होते. त्यांचे ओठ हलत होते की नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण मांडीवरचं बोट हलत होतं. वरच्या 'सा'ला वर्ग पोचला. सार्थक पोचला. आणि बाईंनी डोळे मिटले. त्या दिवसात पहिल्यांदाच मी त्यांना काही न करताना पाहिलं.

गाणं पुरं झालंच नाही. वेळ संपली. टाळ्या वाजल्या.

अध्यक्ष उठले. आधी ते बाईंशी व्यवहाराचंच बोलले. "मॅडम, गाणं तर अर्धंच झालं. निवडक पोरं आणली असती तर पूर्ण झालं असतं."

"निवडा ना साहेब," बाई म्हणाल्या. "तुमी आत बसला होता. मी भायेरून आयकत होते. कोनाकोनाला उठवू, तेवढं सांगा."

अध्यक्षांनी वर्गाकडे पाहिलं. वर्गाने अध्यक्षांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरच्या त्या चिमुरडीने तर उठायची तयारी म्हणून चप्पलसुद्धा घातली. साहेबांनी सफारीची कॉलर सारखी केली. "राहू दे," ते म्हणाले. "तास राहू दे. गणिताचा तास सकाळी शाळेआधी घेऊ." आणि जाता जाता सार्थकच्या डोक्यावर टपली मारून गेले.

त्यानंतर बाई मला भेटलेल्या नाहीत. दोन वर्षं झाली, त्या निवृत्त झाल्या असणार. करंजाड्याला मुलीकडे राहायला गेल्याचं ऐकलं. जाईन जाईन म्हणतो. स्कूटर आता ठीक आहे.

शेवटच्या पाहिल्या त्या कॉलेजच्या फाटकाशी. शाळेची बस उभी होती. बाई दाराशी उभ्या राहून पोरांना आत घेत होत्या. डोकी मोजत नव्हत्या. आत चढणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून नाव घेत होत्या, बेचाळीस नावं, हजेरीपुस्तक न बघता. खिडकीतून सार्थकचं डोकं बाहेर. मला बाईंना काहीतरी मोठं सांगायचं होतं. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. प्रत्यक्षात म्हणालो, "बाई, साठ वर्षांत आज मी पहिल्यांदा गायलो."

बाई काही बोलायच्या आत खिडकीतून सार्थक म्हणाला, "काका, मागनं तुमीच गात व्हते? मना वाटला, माईक बिगरला."